अंगठ्याएवढा नांगर

सेलू, १८ नोव्हेंबर २०२४
(हात तुझ्या बाबाचा, तोंड माझं)

शिवकन्या माय,

तुझ्या आज्जीचा, धुरपताबाईचा, आशीर्वाद. तू फोन उचलत न्हाईस म्हणून कागद पाठवायलेय. फोन वाजून वाजून गप होतो. पोस्टमन तसा गप होत न्हाई, दारात उभा राहतो आन नाव घेऊन बोंबलतो.

मी बोलायलेय आन तुझा बाबा लिहायलाय. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ ओठात धरलेली. मी म्हणलं, महारुद्र, ओळ वर चढायलीय. तर म्हणतो, "आई, तुला वाचता येत न्हाई, मंग ओळ चढलेली कशी कळती?" म्हणलं, भिंतीवर मुंगी चढायली तर ती कळायला शाळेत जावं लागतं का?

इकडं बरं हाय. तू जुलैत गेलीस तेव्हापासून भट्टी बंद हाय, वर गोणी टाकून ठेवलीय. तुझा बाबा आता काही ओतत न्हाई. तयार समया आणतो आन विकतो. मी त्या पुसते. दिवसातून दोनदा पुसते. त्या दमल्या, मी न्हाई दमले.

समुद्र खरंच लय मोठा हाय का गं? दुधनेचं धरण भरलं तेव्हा तुझ्या आजोबानं मला नेलं होतं बघायला. तेवढं पाणी बघून मी त्यांचं उपरणं धरलं होतं. मालवणचं पाणी त्याच्याहून मोठं असंल तर काठापासून लांब राहा. तिथल्या जहाजवाल्या मालकांची माफी मागायला म्हणून गेलीस आन तिथंच कामाला राहिलीस. आता त्यांच्या खेळण्यातल्या जहाजांचे पितळी तुकडे घासत बसतीस म्हणं. बाबा म्हणतो खेळणी म्हणू नको, शोकेसमधली जहाजं म्हण. बरं, शोकेसमधली.

एक आणखी. तुझ्या आजोबाची काशाची वाटी सापडंना, तळपायाला तूप घासायची. थंडी पडली, माझ्या टाचा फुटल्या, तर तुझ्या बाबानं सगळ्या फडताळाची उलथापालथ केली. मी म्हणलं उंदरानं नेली असंल. तो म्हणतो, "पावशेराची वाटी उंदीर नेतो का?" म्हणलं, सेलूचा उंदीर हाय, जिनिंगमधली सरकी खाऊन माजलेला. तुला काही आठवतं का… न्हाई, राहू दे. महारुद्र, वाटीचं लिहू नको. लिहिलंस? बरं. लिहिलंस तर लिहिलंस.

तुझा राग माझ्यावर हाय का बाबावर, तेवढं कळव. म्हणजे ज्याच्यावर न्हाई त्यानं तरी पोटभर जेवावं.

खाली अंगठा उठवलाय. शाई जास्त लागली म्हणून बाबा डोळे वटारायलाय.

तुझी आज्जी


सेलू, १६ डिसेंबर २०२४
(लिहिणार धम्मशीलाबाई)

शिवकन्या माय,

तुझं उत्तर आलं. महारुद्रनं मोठ्यानं वाचलं. चारच ओळी होत्या, मला पाठ झाल्या. "मी बरी आहे. मालक म्हणतात, मार्चपासून ओतायचं काम तू सांभाळ, ओताऱ्याची मुलगी आहेस. मी नाही म्हणाले. माझ्या हाताला धातू रुसतो, हे आज्जीच चारचौघांत म्हणाली होती. मी कानस चालवते, तेच बरं."

वाचून झाल्यावर तुझ्या बाबानं कागदाची घडी केली, चष्म्याच्या डबीत ठेवली आन चष्मा टेबलावर ठेवून बाजारात गेला. चष्म्याबिगर.

म्हणून आज तो दुकानात गेल्यावर शेजारच्या धम्मशीलाबाईला हाक मारली. तीस वर्षं शाळेत शिकवून रिटायर झाल्यात. आल्या आल्या अट घातली, "मावशी, मी लिहीन. पण तुम्ही बोलाल तेच लिहीन. गोड करून घेणार नाही." म्हणलं, साखर माझ्याकडं पण न्हाई. तरी 'न्हाई' म्हणलं की त्यांचं पेन 'नाही'कडं वळतंय. मी दोनदा वाचून घेतलं.

आता ऐक.

जूनमधी मालवणहून साडेतीनशे नग सांगून आले. अंगठ्याएवढे नांगर, करंगळीच्या नखाएवढ्या कप्प्या, मिरचीएवढ्या तोफा, आन डोलकाठीला दोर अडकवायच्या कड्या. परभणीच्या आयटीआयमधी टर्नर होऊन आलेली तू, मोबाईलवर गिऱ्हाईक तूच शोधलंस. मी पहिला नांगर मेणाचा केला तो आपल्या रानातला, फाळ लावून. तू हसून हसून भिंतीला टेकलीस. मंग तू चित्र दाखवलंस आन मी बोटानं वळत गेले. चिंचेच्या डहाळीला पानं लागतात तसे मेणाच्या एका दांड्याला पन्नास पन्नास नग लावले, वर वारुळाच्या मातीचा लेप. भाजलं की मेण जातं आन त्या जागी पितळ बसतं. साठ वर्षं गौरीचे मुखवटे आन देवाचे टाक वळलेली बोटं ही. पण त्या कड्या वळताना मला पहिल्यांदा वाटलं की बोटं कमी पडायलीत.

आपल्या घरात मेण बायांचं आन ओतणं गड्यांचं. तुझ्या बाबाचा खांदा निखळला होता, वितळलेल्या पितळाची मूस उचलंना. तू म्हणलीस, "बाबा, मी ओतते." आन त्यानं आजोबाची सांडशी तुझ्या हातात दिली.

ओतायच्या दिवशी तू साचे आणायला गच्चीवर गेलीस. मूस लाल झाली होती. तुझ्या आजोबाची एक रीत होती, तू बघितली न्हाईस. नव्या तऱ्हेचं काम असलं की पहिल्या मुशीत घरातलं जुनं काहीतरी टाकायचं. त्याला ते घरचा घास म्हणायचे. झिजलेल्या टाकाची चिमूटभर कपची टाकायचे. तू ते करंनास, तुझा बाबा पण विसरला. म्हणून मी वाटी फोडली आन टाकली. श्रद्धेनं टाकली. काशानं काय होतंय हे मला अडाणी बाईला काय ठाऊक?

इथं धम्मशीलाबाईनं पेन थांबवलं. म्हणाल्या, "मावशी, साठ वर्षं ओताऱ्याच्या घरात राहिलात आणि काशाचं तुम्हाला ठाऊक नाही?" म्हणलं, तुमी लिहा. त्यांनी हे पण लिहिलं. अट म्हणजे अट.

नग गेले. पंधरा दिवसांनी पेटी परत आली. कड्यांचे पाय जहाजाच्या आतून वाकवून बसवायचे असतात, तर वाकवले की कट्कन तुटायले. नांगराच्या नाकातली कडी पण तुटली. गल्लीतली माणसं जमली. महारुद्र तुला म्हणला, "काय मिसळलंस?" तू म्हणलीस, "काही न्हाई बाबा." आन मी, कुणी विचारलं नसताना, म्हणलं, "पोरीच्या हातानं ओतलं की धातू रुसतो." माणसांनी माना हलवल्या. तुझ्या बाबानं भट्टीवर पाणी ओतलं.

तर माय, तुझ्या हातात काही वाईट न्हाई. वाटी हाय. तू मालकाला हो म्हण आन ओतायला बस. फक्त हे तुझ्या बाबाला सांगू नको. त्याला वाटीचं माहीत न्हाई. उंदराचंच माहीत हाय.

उत्तर धम्मशीलाबाईच्या पत्त्यावर पाठव.

आज्जी
(अंगठा)


सेलू, १७ जानेवारी २०२५
(लिहिणार धम्मशीलाबाईच, नाराजीनं)

शिवकन्या माय,

तुला तिळगूळ पाठवला होता. मिळाला असंल. लाडू कडक झालेत हे मला ठाऊक हाय, दातानं फोडू नको, तुझ्या मालकाची हातोडी घे.

तुझं पत्र बाईंनी वाचून दाखवलं. "आज्जी, माझं मन राखायला तू वाटीची गोष्ट रचलीस. लहानपणी माझ्या हातून माठ फुटला की तू बाबांना सांगायचीस, मांजरीनं फोडला. ही वाटी पण तुझी तसलीच मांजर आहे. खरं असतं तर तू बाबांपुढं बोलली असतीस. मालक म्हणतात, फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत परत विचार करून सांग. मी नाहीच म्हणणार आहे."

माझी लबाडी माझ्याच पायात आली बघ. तुझी माय गेली तेव्हा तू चार वर्षांची. तुला मार बसू नये म्हणून किती मांजरी पाळल्या मी त्या घरात. आता खरी वाटी दाखवायलेय तर तुला तिच्या मिशा दिसायल्यात.

मागच्या कागदात मी अर्धंच सांगितलं. बाईंना ते तेव्हाच कळलं होतं. बाकीचं हे.

काशाचं मला ठाऊक होतं. वाटी हातोडीनं मारली तर पापडावानी फुटली. पितळ कधी फुटतं का, चेपतं. ज्या घरात काशाच्या थाळ्या पडून फुटलेल्या मी साठ वर्षं वेचल्या, त्या घरात हे न कळायला मी पाहुणी हाय का? आन तुझे आजोबा चिमूटभर टाकायचे, ते पण पितळच. मी सगळी वाटी टाकली. किलोभराच्या मुशीत पावशेर. हे श्रद्धेचं माप न्हाई.

कामून टाकली, हे बोलायला मला एक महिना लागला. लिहा बाई.

मी या घरात आले तेव्हा अठरा वर्षांची होते. मूस उचलताना तुझ्या आजोबाचा चेहरा उजेडानं पिवळा व्हायचा, ते बघत मी दारात उभी राहायची. एकदा म्हणलं, मी धरू का सांडशी? ते हसले. वाईट न्हाई हसले, पण हसले. परत मी कधी विचारलं न्हाई. ते गेल्यावर सांडशी महारुद्रकडं गेली. मी मेण वळत राहिले. आन त्या दिवशी त्यानं ती तुझ्या हातात दिली, जशी पाण्याची बादली द्यावी तशी. तू धरलीस पण तशीच. माझा ऊर भरून यायला पाहिजे होता. आला पण. आन त्याच्या खालून दुसरं काहीतरी आलं. मी म्हणलं, शिवकन्या, मुशीत घरचा घास टाक. तू म्हणलीस, "आज्जी, माप ठरलेलं हाय. तू फक्त मेण बघ."

फक्त मेण. माय, तू घाईत होतीस. तुझा काही दोष न्हाई. पण माझ्या साठ वर्षांना तू त्या दोन शब्दांत बसवलंस असं मला वाटलं. म्हणलं, या मुशीत माझं पण काहीतरी जाऊ दे. एवढंच. मोडावं असं मनात न्हवतं. पण मोडंल हे माहीत होतं, आन तरी हात थांबला न्हाई.

याच्याहून वाईट एक हाय. साचे फोडल्यावर पहिला नांगर मी नखानं वाजवून बघितला. पितळ ठक् म्हणतं. काशाला मारलं की ते गातं. तो नांगर गायला. बारीक, पण गायला. मला कळलं आत काय गेलंय. मी तेव्हा बोलले असते तर सगळं वितळवून नव्यानं ओतता आलं असतं. मी तो पेटीत ठेवला, वर सेलूचा कापूस लावला आन झाकण लावलं. तू विचारलंस, "कसा झालाय आज्जी?" म्हणलं, झ्याक.

बाबाला सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा म्हणलं, महारुद्र, एक बोलायचं हाय. "बोल." म्हणलं, वरणात मीठ कमी हाय. दुसऱ्यांदा म्हणलं, तुझ्या शर्टाचं बटण तुटलंय. तिसऱ्यांदा तो स्वतःच म्हणला, "काय आई, आता काय कमी हाय?" आन मी रडले, तर त्यानं डोळ्याचं औषध आणलं. पोराला मारलेलं, उपाशी झोपवलेलं, सगळं करून बसलेली बाई मी. त्याच्यापुढं खाली बघायची सवयच न्हाई मानेला.

धम्मशीलाबाईनं पेन ठेवलंय. म्हणतात, "मावशी, यापुढचं पत्र माझ्या अक्षरात जाणार नाही. तुमची नात माझं अक्षर मानत नाही, आणि तिचं बरोबर आहे." मी म्हणलं, मंग कुणाच्या? त्यांनी दुकानाकडं बघितलं.

आज्जी
(आज अंगठा पुसट उठलाय. शाई हाय, जोर न्हाई.)


सेलू, १२ फेब्रुवारी २०२५
(हात तुझ्या बाबाचा)

शिवकन्या माय,

तुझ्या बाबाला आज दुकान बंद करायला लावलं. त्याला वाटलं डॉक्टरकडं जायचंय. म्हणलं, बस, कागद घे. मी बोलंन ते सगळं लिहायचं, मधी थांबायचं न्हाई, मधी विचारायचं न्हाई, पत्र संपल्यावर जे बोलायचं ते बोल. तो म्हणला, "आई, मृत्युपत्र हाय का?" म्हणलं, माझ्याकडं द्यायला काय हाय? लिही.

मी, धुरपताबाई सिताराम ओतारी, वय अठ्ठ्याहत्तर, अंदाजानं, सांगते की जूनमधी शिवकन्यानं ओतलेल्या मुशीत काशाची वाटी मी टाकली. ती गच्चीवर असताना टाकली. तिनं न्हाई म्हणलेलं असताना टाकली. काशानं पितळ ठिसूळ होतं हे मला ठाऊक होतं. पहिला नांगर वाजवल्यावर परत एकदा कळलं. तरी मी पेटी बंद केली. आन पेटी परत आल्यावर, सगळ्या गल्लीपुढं, पोरीच्या हाताला नाव ठेवलं.

तो थांबलाय. लिही महारुद्र.

"आई, हे खरं हाय का?"

लिही, मंग विचार.

"शपथ सांग."

मी पदराची गाठ सोडली. वाटीची कड त्यात हाय, बोटभर. फोडताना एक तुकडा उडून मेणाच्या डब्यात पडला होता, तो मी टाकून दिला न्हाई. कामून दिला न्हाई ते माहीत न्हाई. त्याच्यावर काहीतरी कोरलेलं हाय. मला ते अक्षर कळत न्हाई. तुझ्या बाबानं खिडकीपाशी धरून वाचलं, "ताराम." त्याच्या वडलांच्या नावाची शेपटी. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला आन परत तेच वाचलं.

मंग तो उठून बाहेर गेला. मला वाटलं गेला आता बाजारात, चष्म्याबिगर. तर तो भट्टीपाशी उभा होता. गोणी उचलली, झटकली. आत बघितलं. गोणी परत टाकली न्हाई, घडी करून बाजूला ठेवली. येऊन बसला. "पुढं सांग," म्हणला.

म्हणलं, तू मला काही बोलणार न्हाईस का?

तो लय वेळ पेनाचं टोपण फिरवत बसला. मंग म्हणला, "आई, मी तिला दुसऱ्यांदा विचारलंच न्हाई गं. एकदा विचारलं, ती न्हाई म्हणली, आन मी तुझं ऐकलं. तुझं ऐकायला सोपं होतं."

म्हणलं, हे लिही.

"ते माझं हाय. तुझ्या पत्रात कामून?"

कागद एकच हाय, म्हणलं. त्यानं लिहिलं. बघ वर, ओळ चढलीय त्याची.

गल्लीत पण सांगितलं मी. कालच. धम्मशीलाबाईला संगं घेऊन. ज्यांनी ज्यांनी माना हलवल्या होत्या त्यांच्या ओट्यावर जाऊन सांगितलं. सुलाबाई म्हणली, "जाऊ द्या हो, झालं गेलं." म्हणलं, जाऊ कसं द्यायचं, जाताना माझ्या नातीचं नाव घेऊन गेलं, येताना पण नाव घेऊनच यायला पाहिजे. कुणी हसलं, कुणी चहा दिला. चहा मी तसाच ओट्यावर ठेवून आले. या वयात लाज वाटायला लागली की ती कुठं ठेवावी ते कळत न्हाई, अंगात जागाच उरलेली नसते.

मी तुला परत ये म्हणत न्हाई. ये म्हणायचं तोंड मला न्हाई. माफी पण मागत न्हाई, कारण मागितली की तुला ती द्यावी लागंल, तू तसली हायस. मला फक्त तू ओतायला बसलेली पाहिजेस. मालवणला बस, कुठं पण बस.

मी आजवर अंगठा लय ठिकाणी दिला. रेशनच्या दुकानात, तलाठ्याकडं, बँकेत. काय लिहिलंय ते दुसऱ्यानं सांगायचं आन मी अंगठा द्यायचा. खाली काय लिहिलंय हे पूर्ण ठाऊक असताना दिलेला हा पहिलाच. म्हणून तो शाईत दिला न्हाई. शाई पुसती. मेण मळून चपटं केलं आन त्याच्यावर अंगठा दाबला. मागं ओतायचा दांडा लावलाय, नीट लावलाय, तेवढं मला येतं. रेघा बघ, म्हातारपणानं मधीच तुटल्यात, तरी हायत.

हे ओत. तुझ्या हातानं. नुसत्या पितळात, तू ठरवलेल्या मापानं. घरचा घास टाकू नको. घरचं टाकलं की काय होतंय ते आपण बघितलं. निघाल्यावर नखानं वाजव. ठक् म्हणलं तर समज, तुझ्या हाताला कधीच काही झालेलं न्हवतं. पहिल्या वेळेला नीट निघाला न्हाई तर परत ओत, मी मेण परत पाठवीन. अंगठे माझ्याकडं दोन हायत.

आन निघाला की मालकाला दाखव. विचारतील हे कुठल्या जहाजाला लावायचं, तर सांग, कुठल्याच न्हाई. ही माझ्या आज्जीची सही हाय.

धुरपताबाई

शिवकन्या, हे आता माझं. सगळं मीच लिहिलंय, तुला माझं अक्षर कळतं. मेण वाटेत मऊ होऊ नये म्हणून डब्यात नव्या ज्वारीत पुरलंय. ज्वारी आपल्या इकडचीच हाय, फेकू नको, भाकरी कर. डब्याच्या तळाशी वाटीची कड हाय. दोन बोटांत धरून मोडून बघ. खोक्यात डब्याच्या बाजूला फडक्यात आजोबांची सांडशी बांधलीय. ती ओतणाऱ्याकडंच राहायला पाहिजे. दोन्ही हातांनी धर.
— बाबा